वाऱ्याची वाट

मळणी उरकली त्याच दिवशी वारा पडला, आणि पडला तो आठ दिवस झाले तरी उठायलाच तयार नाही. खळ्यावर दाणा, भुसा, काडीकचरा एकात एक मिसळून मोठा ढीग लागलेला. आजूबाजूच्या खळ्यांवरही तीच गत. माणसं सुपं पालथी टाकून आभाळाकडे बघत बसलेली. त्यात भर म्हणून रोज दुपारी ढग गोळा व्हायचे आणि ढिगावर ताडपत्री ओढायला सगळ्या घराची पळापळ व्हायची. एक सर जरी ढिगावर पडली असती तरी वर्षाचं धान्य काळं पडलं असतं.

त्या घरात उफणायचं, म्हणजे वाऱ्यावर धरून भुसा उडवायचं काम सासूचं. तिला सगळे आत्याबाई म्हणत. आत्याबाई तीन पायांच्या उंच तिवईवर चढून सूप खांद्यावर घेत आणि नुसतं मनगट हलवत. दाणा सरळ पायाशी पडे, भुसा दहा हात लांब जाऊन बसे. तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणाला तिवईवर पाय ठेवू दिला नव्हता. सुनेला या घरात येऊन सहा वर्षं झाली होती, पण तिचं काम खाली बसून ढीग झाडायचं आणि पाट्या भरून वर द्यायचं. मुलाला तर त्या खळ्याजवळ उभंच करत नसत. हा दाणा उडवून लावेल आणि भुसा घरी आणेल, असं त्यांचं मत होतं, आणि ते फारसं चुकीचं नव्हतं.

नवव्या दिवशी ताडपत्रीखाली ढीग सारताना आत्याबाईंनी भरली पाटी उचलली आणि तिथंच मटकन बसल्या. बेंबीपाशी त्यांना लिंबाएवढी गाठ होती. सात-आठ वर्षं त्या तिला सांभाळून होत्या. जड उचललं की ती बाहेर यायची, आडवं पडलं की आत जायची. कमरेला फडकं आवळून बांधलं की झालं, असा त्यांचा स्वतःचाच इलाज होता. घरात कुणाला पत्ता नव्हता. आज गाठ आत जाईना. उलट्या सुरू झाल्या, घामानं लुगडं भिजलं. तेव्हा मुलानं शेजारची जीप आणली आणि त्यांचं डोकं सुनेच्या मांडीवर ठेवून मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी आडवं करून, हळूहळू दाबून गाठ कशीबशी आत बसवली. पण उद्या सकाळी ऑपरेशन करायचंच, असं बजावलं. पुन्हा अडकली तर आतडं कुजेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही, म्हणाले. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की उद्या वारा सुटला तर उफणायचं कुणी?

बापलेकांनी खळं राखायचं आणि सुनेनं दवाखान्यात राहायचं, असं ठरलं. निघताना सासरे दाराशी घुटमळले. "ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही," ते सुनेला म्हणाले. "पण तुला शिव्या जरा कमी देते. तेवढी धड घरी आण." एवढं बोलून ते वळले आणि उगाच नाक शिंकरत जीपकडे गेले. खळं, ढीग, पाऊस सगळं मागं राहिलं आणि आत्याबाईंना धड घरी न्यायचं, एवढंच काम सुनेपुढं उरलं.

बायकांच्या त्या वॉर्डात बारा खाटा होत्या. आत्याबाईंची खाट खिडकीला लागून होती आणि बाहेर एक जुनं झाड होतं. संध्याकाळी चष्मेवाली सिस्टर आली. सुनेच्याच वयाची असेल. हात सारखे धुऊन धुऊन गार पडलेले. दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता तिनं घरचं विचारलं, आणि आत्याबाईंनी मळणीपासून पडलेल्या वाऱ्यापर्यंत सगळं रामायण सांगितलं. सिस्टर हं हं करत होती. तिचं अर्धं लक्ष घड्याळात होतं आणि दहा खाटा बाकी होत्या.

मग तिनं एकेक सांगायला घेतलं. साबण लावून अंघोळ करायची. बेंबी नीट साफ करायची, ती मी स्वतः कापसानं करणार. अंगठी काढायची. अंगठी चोवीस वर्षांत हलली नव्हती, ती साबणानं हलली. रात्रीच्या जेवणानंतर तोंडात काही घालायचं नाही. पाणी नाही, चहा नाही, तंबाखूही नाही.

"तंबाखू कुठं पोटात जाते?" आत्याबाई म्हणाल्या.

"थुंकी जाते ना," सिस्टर म्हणाली आणि हात पुढं करून उभी राहिली. आत्याबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं भिंतीकडे पाहिलं. शेवटी कनवटीची पिशवी निघाली आणि सिस्टरच्या खिशात गेली.

पुढचं शिकवणं मात्र आत्याबाईंना मनापासून आवडलं. नाकानं सावकाश श्वास घ्यायचा, पोट फुगवायचं, तोंडानं सोडायचा. खोकला आला तर दाबून ठेवायचा नाही, उशी पोटावर घट्ट धरायची आणि खोकायचं, म्हणजे टाक्यांना धक्का बसत नाही. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, हाताचं ढोपर टेकायचं, पाय खाली सोडायचे. आणि दुसऱ्या दिवशी दुखलं तरी चालायचंच. सगळं सांगून झाल्यावर सिस्टर म्हणाली, की आता मी पेशंट, तुम्ही मला शिकवा. ती खरोखरच शेजारच्या रिकाम्या खाटेवर आडवी झाली. मग काय विचारता. आत्याबाईंनी तिला तीनदा उठवलं आणि तीनदा पुन्हा निजवलं. "ढोपर टेक, ढोपर. मान कशाला ताणतेस?" असं त्या रागे भरत होत्या. समोरच्या खाटेवरची म्हातारी, जिला कसलंच ऑपरेशन नव्हतं, तीही कुशीवर वळून ढोपर टेकून उठली. सुनेला हसू आवरेना. आत्याबाई घाबरल्या आहेत हे तिला कळत होतं, पण शिकवायला मिळालं की त्यांची भीती पळते हे तिला तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

ऑपरेशन दोन तास चाललं. आदल्या दिवशी अडकलेलं आतडं थोडं काळवंडलं होतं. ते शेकलं, लाल झालेलं बघितलं आणि मग आत घातलं, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. आतडं आता दमलंय, ते कामाला लागेपर्यंत पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. सुनेनं मान हलवली. मग दिवसभर ती ओल्या कापसानं सासूचे ओठ पुसत बसली. सिस्टर सारखी येऊन नाडी धरायची, पट्टी बघायची, पायाची बोटं हलवायला लावायची. संध्याकाळी तिनं आत्याबाईंच्या कानाशी वाकून विचारलं, "आजी, वारा सुटला का?"

आत्याबाईंनी गुंगीतच मान खिडकीकडे वळवली. झाड चित्रासारखं उभं होतं. "नाही गं बाई," त्या म्हणाल्या. "पान हलत नाही."

"सुटेल, सुटेल," म्हणत सिस्टरनं कागदावर काहीतरी लिहून घेतलं. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या गडबडीत या मुलीनं खळ्याची आठवण ठेवली, वर त्याची नोंदही केली. शहाण्या आईबापांची लेक दिसते, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवल्याप्रमाणे आत्याबाई कुशीवर वळल्या, ढोपर टेकलं आणि उठल्या. कळ मस्तकात गेली असणार, पण ओठ दाबून उभ्या राहिल्या. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. सिस्टर खूश झाली. म्हणाली, असंच फिरत राहा, तुम्ही जितक्या चालाल तितका वारा लवकर सुटेल.

ती गेल्यावर आत्याबाईंनी सुनेला विचारलं, "मी चालल्यानं वारा कसा सुटेल गं?"

"त्यांच्यात म्हणत असतील तसं," सून म्हणाली. "चालायला काय जातं आपलं?"

आणि आत्याबाई चालल्या. सासू पुढं, सून मागं, असं दिवसभरात त्यांनी वॉर्डाला सात फेऱ्या घातल्या. दर फेरीला खिडकीशी थांबून झाडाकडे बघायचं. झाड काही दाद देत नव्हतं. सिस्टर दुपारी विचारून गेली, संध्याकाळी विचारून गेली. सुटला की लगेच मला सांगा, मी कुठंही असले तरी, म्हणाली. एकदा तर म्हणाली, तुमच्या वाऱ्याची डॉक्टरसुद्धा वाट बघतायत. यावर आत्याबाईंचा ऊर भरून आला. हा डॉक्टर नक्की शेतकऱ्याच्या पोटचा आहे, असं त्यांनी समोरच्या म्हातारीलाही सांगितलं.

आता एक गोष्ट सुनेला ठाऊक होती, पण ती बोलायची नव्हती. त्याच दिवशी सकाळी, पहिल्या फेरीनंतर आत्याबाई आडव्या झाल्या आणि चादरीखालून आवाज आला. लहानसहान नाही, चांगला लांबलचक. आत्याबाईंनी चटकन उशी पोटाशी धरली आणि मोठ्यानं खोकल्या. सून लगेच उठून पाण्याचा तांब्या विसळायला लागली. तो आधीच स्वच्छ होता. दुपारी पुन्हा तसंच झालं, तेव्हा आत्याबाईंना पुन्हा खोकला आला. सासूची अब्रू झाकायची हे काय सुनेला शिकवावं लागतं?

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंचा चेहरा उतरला. ओठांना भेगा पडल्या होत्या, हातात सलाईनची सुई, पोटात दोन दिवस कण नाही. भूक लागली की माणसाचा तोल जातो तसा त्यांचाही जात होता, आणि सून तो निमूट सोसत होती. डॉक्टर आले. पोट दाबून पाहिलं, नळी लावून ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या. पोट तर मऊ आहे, मग वारा का सुटत नाही, असं त्यांनी विचारलं.

"ते काय आपल्या हातात असतं, डॉक्टर?" आत्याबाई म्हणाल्या. "त्याच्या मनाला येईल तेव्हा सुटेल."

डॉक्टरांनाही ते पटलं. पण जाता जाता ते सिस्टरला हळू आवाजात म्हणाले, की संध्याकाळपर्यंत वाट बघू, नाहीतर नाकातून पोटात नळी घालू, फोटो काढू, आणि वेळ आलीच तर पुन्हा उघडून बघावं लागेल. सुनेनं ते ऐकलं. खळ्यावर वारा नाही म्हणून माणसाचं पोट पुन्हा फाडायचं? हा कुठला न्याय? दाराशी उभे असलेले सासरे तिच्या डोळ्यांपुढं आले. ती तशीच अनवाणी सिस्टरच्या मागं धावली आणि व्हरांड्यात तिला गाठलं.

"सिस्टर, तुमच्या पाया पडते," ती म्हणाली. "वारा आज ना उद्या सुटेल. नाही सुटला तर आम्ही पंखा लावून उफणू. पण आत्याबाईंना पुन्हा आत नेऊ नका."

सिस्टर तिच्याकडे बघतच राहिली. "पंखा लावून काय करू म्हणालात?"

"उफणू. खळ्यावरचं."

सिस्टरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली. इकडंतिकडं कुणी नाही असं बघून ती सुनेच्या जवळ सरकली. "अहो, मी पोटातल्या वाऱ्याचं विचारते आहे. त्या पादल्या का, ते सांगा."

सहा वर्षांत सासूबद्दल असं काही ती नवऱ्यापाशीसुद्धा बोलली नव्हती. मग तिनं डोळे मिटून घेतले आणि सांगून टाकलं. "काल सकाळपासून पाच वेळा. आज पहाटे दोनदा. ते धरून सात."

सिस्टर भिंतीला टेकली. आधी तिनं तोंडावर हात धरला, मग ते जमेना. दोघी व्हरांड्यात एकमेकींचे दंड धरून इतक्या हसल्या, की औषधांची गाडी ढकलणारा माणूस काय झालं म्हणून थांबला. हसता हसता सुनेला रडू फुटलं, आणि ते सुखाचं होतं हे तिला आणि सिस्टरला, दोघींनाही कळत होतं.

खाटेपाशी येऊन सिस्टरनं या वेळी सरळ शब्दांत विचारलं. आत्याबाईंनी आधी सुनेकडे असं बघितलं, की बिचारीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "हिनं सांगितलं?" त्यांनी विचारलं. मग हळूहळू दोन दिवसांतला एकेक सवालजवाब त्यांना आठवायला लागला. पान हलत नाही. चाललात की सुटेल. डॉक्टर वाट बघतायत. त्यांची हनुवटी थरथरायला लागली. "उशी," त्या कशाबशा म्हणाल्या. "अगं, उशी दे आधी." सुनेनं उशी दिली, ती पोटाशी कवटाळली आणि मग त्या हसल्या. टाके दुखत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मधेच आई गं म्हणत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. समोरच्या म्हातारीला गोष्ट समजावून सांगावी लागली, तेव्हा तिनंही उशी मागवली.

"पादणं म्हणायचं होतं सरळ," दम खाऊन आत्याबाई सिस्टरला म्हणाल्या. "आमच्याकडं वारा सुटला म्हणजे सूप घेऊन पळायचं असतं."

सिस्टर म्हणाली, वडीलधाऱ्या माणसापुढं तो शब्द तोंडातून निघत नाही हो. पण चूक माझीच, यापुढं शेतावरच्या माणसाला आधी अर्थ सांगेन आणि मग विचारेन. मग ती स्वतः जाऊन डॉक्टरांना सांगून आली. त्यांच्या खोलीतून मोठ्यांदा हसल्याचा आवाज आला.

पहिलं चमचाभर पाणी सुनेनं पाजलं. आत्याबाईंनी ते तोंडात घोळवलं, डोळे मिटले आणि गिळलं. मग अर्धा कप चहा, मग भाताचं पाणी. चहा संपल्यावर त्यांनी कप उलटा करून पाहिला. सुनेला असं समाधान तिच्या स्वतःच्या जेवणानंही कधी झालं नव्हतं.

दोन दिवसांनी घरी सोडायचं ठरलं. सिस्टरनं दोघींना समोरासमोर बसवलं. जखम कोरडी ठेवायची. लाल झाली, गरम लागली, पू दिसला किंवा ताप आला तर घरगुती काही लावत बसायचं नाही, इकडं यायचं. दहाव्या दिवशी टाके काढायला यायचं. पाणी भरपूर, पालेभाजी रोज, शौचाला जोर करायचा नाही. आणि तीन महिने तांब्याभर पाण्यापेक्षा जड काही उचलायचं नाही.

"सूप तर हलकंच असतं," आत्याबाई म्हणाल्या.

"भरल्यावर?"

सिस्टर सुनेकडे वळून म्हणाली, की हे त्यांना नाही, तुम्हाला सांगते. हात वर धरून उभं राहायचंसुद्धा नाही. पुन्हा गाठ आली तर या वेळेसारखं नशीब असेलच असं नाही.

जीपमधून घरी येताना खाचखळगा आला की आत्याबाई उशी पोटाशी धरायच्या आणि बाहेर बघायच्या. सुनेला त्यांच्या मनातलं वाचता येत होतं. माणसाचं एकच काम असतं, ज्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही, आणि तेच काढून घेतलं तर त्यानं कुठं जावं? पण सासऱ्यांनी त्यांना तिच्या हवाली केलं होतं. वेळ आली तर सासूचा हात धरून ओढेन, मग त्या काय म्हणायचं ते म्हणोत, असं तिनं मनाशी पक्कं केलं. सहा वर्षांत ती एकदाही त्यांच्या शब्दाबाहेर गेली नव्हती.

ढीग तसाच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग आले, या वेळी चांगले काळे, आणि त्यांच्या पुढं पुढं वारा आला. आधी ताडपत्रीची कड फडफडली, मग खळ्यावरची धूळ उठली. सगळ्या खळ्यांवर एकच हाकाहाक झाली. मुलानं ताडपत्री ओढली, सासऱ्यांनी तिवई उभी केली आणि सगळेच जागच्या जागी थांबले. सासरे मुलाकडे बघत होते, मुलगा बापाकडे, आणि मग दोघेही घराच्या दाराकडे.

आत्याबाई दारातून बाहेर आल्या. सावकाश, एक हात पोटावर. खळ्यावर आल्या, सूप उचललं, रिकामंच. तिवईजवळ जाऊन तिच्यावर हात ठेवला. सून पाटी टाकून धावली आणि दोघींच्या मधे उभी राहिली, म्हणजे सासू आणि तिवईच्या मधे. हलायला ती तयार नव्हती.

आत्याबाईंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. मग सूप तिच्या छातीशी टेकवलं.

"वाट अडवून काय उभी राहिलीस?" त्या म्हणाल्या. "चढ वर. वारा काय तुझ्यासाठी दिवसभर थांबणार आहे?"

सून चढली. सासऱ्यांनी खळ्याच्या कडेला खाट आणून टाकली, तिच्यावर आत्याबाई बसल्या आणि त्यांचं तोंड सुरू झालं. सूप इतकं वर नको. हात नको हलवू, मनगट हलव. वाऱ्याला पाठ दे गं, तोंड नको देऊ. पहिल्या दोन सुपांचा भुसा सुनेच्या डोक्यात गेला आणि दाणा लांब जाऊन पडला. मुलगा हसला, तर आत्याबाईंनी त्याला गप्प बस आणि पाट्या भर म्हणून सांगितलं. चौथ्या सुपाला दाणा सरळ पडला. दहाव्याला भुसा लांब जाऊन बसला. पुढं आत्याबाईंचं बोलणं कमी कमी होत गेलं आणि मग थांबलंच. सुनेनं घाबरून वळून पाहिलं. त्या खाटेवर मागं हात टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. पदर वाऱ्यानं उडत होता आणि त्या तो सावरत नव्हत्या.

पोती भरून घरात गेली आणि मागोमाग पहिले थेंब पडले. शेजारीण आपलं सूप डोक्यावर धरून धावत जात होती. ती आत्याबाईंना बघून थबकली. ऑपरेशन झालेल्या बाईनं एवढा ढीग कसा उफणला, असं तिनं काळजीनं विचारलं.

आत्याबाईंनी मुठीतला दाणा तळहातावर पसरला आणि त्यावर फुंकर घातली. काही उडालं नाही.

"मी कुठं?" त्या म्हणाल्या. "सुनेनं उफणलं. मी वारा खात बसले होते."